लादी

ज्युनिअर हॉकी, चाकांच्या बुटांवरची,
मे महिन्यात, सोलापुरात!
हा बेत आखणाऱ्याला एकदा भेटायचंय मला.
आठ संघ. नागपूर आलंच नाही,
म्हणून सात, आणि फळ्यावर एक रिकामी चौकट.
सामने पहाटे पाचला, नाहीतर रात्री आठनंतर.
मधल्या वेळात रिंकवर भाकरी भाजून घ्यावी.

माझं काम पिंपात बर्फ टाकायचं.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून रोज सहा लाद्या
गोणपाटात गुंडाळून टमटममध्ये.
पोचेपर्यंत साडेपाच व्हायच्या.

मैदानाला दक्षिणेकडं उतार आहे.
ठेकेदार म्हणतो, मुद्दाम ठेवलाय.
चकती सुटली की तिकडंच घरंगळते.
आमच्या पोरांना ते पाठ. पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.
हैदराबादला कळलंच नाही.

लडाखची पोरं आली, आधी बस, मग दोन रेल्वे.
फलाटावर पाय ठेवला आणि गोलकीपरच्या नाकातून रक्त.
रिगझिन त्याचं नाव, वय तेरा,
गालांवर काळपट डाग, थंडीनं भाजल्याचे.
उन्हानं भाजलेले आमच्याकडं गल्लोगल्ली,
थंडीनं भाजलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

त्यांच्या सरांनी हळूच विचारलं, पोरांना बर्फ दाखवाल का?
मी म्हटलं, अहो, तुम्हाला?

रात्रपाळीला घेऊन गेलो.
मिठाच्या पाण्यात बुडालेले दोनशे डबे, अमोनियाचा वास,
आणि अठरा पोरं एकदम गप्प,
खूप दिवसांनी घराचं दार उघडल्यासारखी.
रिगझिननं लादीवर नख ओढलं, वाकून आत पाहिलं,
मधला पांढरा धुरकट कणा दाखवून म्हणाला,
घाई केली. हवा अडकलीय.

बावीस वर्षं मी लाद्या काढतोय.
हे मालकालाही कधी दिसलं नाही.

मग सांगत बसला, मोडक्या हिंदीत:
डिसेंबर लागला की त्याचा बाप रात्री
शेतात बादल्यांनी पाणी ओततो.
एक थर. थांबायचं. दुसरा थर.
सकाळी पोरं त्यावर खेळतात.
म्हणजे तो माणूस आणि मी एकाच धंद्यातले.
फक्त त्याला विजेचं बिल येत नाही.

उपांत्य सामन्यात तेच आमच्यासमोर.
आमच्या गोलात पद्मजा चिट्याल,
मागावरच्या टॉवेलांच्या चिंध्या भरून
आईनं शिवलेले पॅड बांधून.
अकरा फटके अडवले पोरीनं.
तिकडं रिगझिन दर वेळी पाय आडवा टाकायचा, घसरायला.
चाकं घसरत नाहीत, अडतात.
तीन-एक जिंकलो आम्ही.
दुसऱ्या हाफात उतार आमच्या बाजूनं होता,
हे मी कुणाला बोललो नाही. टाळ्या मात्र वाजवल्या.

अंतिम सामन्यात चंदीगडनं आम्हाला धुतलं.
त्यात सांगण्यासारखं काही नाही.

निरोपाला प्रत्येकाला एक चादर.
रिगझिन हसला. म्हणाला, आमच्याकडंही चादर असते.
नदी गोठली की तिला म्हणतात. तिच्यावरून चालायचं.
पद्मजा म्हणाली, आमची दहा वर्षं टिकते. तुमची?
दीड महिना, तो म्हणाला.
मग घडी उलगडून कापड बोटांनी चाचपत राहिला.
आता तेवढीही नाही.

गर्दी पांगली. एक लादी उरली होती,
परत नेणं परवडत नाही.
मधल्या रेषेवर ठेवून दिली.
विडी घरकुलातली पोरं चपला काढून
तिच्यावर एकेक पाय ठेवून गेली, किंचाळत.
मी टमटममध्ये बसून राहिलो.

पाणी सुटलं. थोडं रेंगाळलं.
मग दक्षिणेकडं निघालं, कुणाला न धडकता,
आणि खांबाला घासून जाळीत शिरलं.

नदाफ मास्तर फळा पुसत होते.
सगळे आकडे गेले.
नागपूरच्या चौकटीत पुसायला काही नव्हतं,
तरी तिच्यावरून त्यांनी फडकं फिरवलं.